पुन्हा वर येणारी रेघ

दुपारच्या जेवणानंतर नीलांबरी वीजघराच्या विश्रामगृहात पाठ टेकते. डोळा लागतो न लागतो, तोच पायथ्याशी कोणी बसल्यासारखी गादी दबते.

संध्याकाळी तिच्या टर्बाइनवर पहिल्यांदा पाणी सोडायचं आहे. पाती मुळाशी घासून पातळ केली की त्याच पाण्यात अर्धा टक्का वीज जास्त, हे तिचं गणित. घासण्याआधी भेगा तपासल्या होत्या. घासल्यावर पुन्हा तपासायला हव्या होत्या, कारण भेग राहिली तर वेगात पातं तुटून उडतं. पण मंत्री येणार, मांडव घातलेला, म्हणून ते राहिलं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, आणि आठवडाभर नीलांबरीबाईंनी सोंग छान वठवलं आहे.

"चल," गादीवर बसलेले खांबेटे सर म्हणतात. तिला हे काम शिकवणारे सर गेल्या श्रावणात वारले. हे तिला आठवतं, तरी ती उठते.

दार उघडतं ते सरांच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर तिच्या टर्बाइनचं चक्र, पात्यांतून पाणी ठिबकतंय. सर चहाचं विचारत नाहीत. पात्याला लाल द्रव फासतात, फडक्याने पुसतात, वर पांढरी पूड फवारतात. भेग असली की आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. तिला तिकडे बघवत नाही.

"सर, तुम्हीच म्हणायचात, अर्धा टक्का म्हणजे एका गावाचा उजेड."

"म्हणायचो. आज चक्राजवळ कोण उभं राहणार?"

"पाणी सोडणारे सरफरे आणि त्यांची माणसं."

"त्यांना सांगितलंस?"

ओटा नाहीसा झालाय. दोघं चक्राच्या पोटात, अंधारात उभी आहेत आणि वर पाण्याचा दरवाजा करकरतोय. ती बाहेरची वाट चाचपते. सर तिचा हात धरतात. त्यांचा हात लोखंडासारखा गार आहे. तिच्या तळव्यावर ते पूड फवारतात.

ती दचकून उठते. खिडकीत ऊन, मांडवात माइकची तपासणी. उजवा तळवा पांढराफटक, त्यावर केसाएवढी लाल रेघ. ती ओढणीला पुसते. रेघ पुन्हा वर येते. साबणाने घासते, तरी येते. वरचा डाग पुसला की जातो, आतला जात नाही, हे सरांनीच शिकवलेलं.

ओल्या हातानेच ती फोन लावते.

"सरफरे, पाणी सोडू नका. सगळ्यांना बाहेर काढा."

"का मॅडम?"

"घासल्यावर पाती तपासली नाहीत मी."

पलीकडे सरफरे माणसांना हाका मारतात. मग पळापळ ऐकू येते. बाहेर आलेल्या प्रत्येकाचं नाव सांगा, असं ती सरफऱ्यांना सांगते आणि मूठ घट्ट आवळते. शेवटचं नाव येईपर्यंत ती उघडत नाही. उघडते, तेव्हा रेघ आहे तिथेच आहे.