पांतेलिसचं नवं खाणकाम

पांतेलिस कारायान्निसला मी एकतीस वर्षं ओळखते, आणि एवढ्या वर्षांत त्याने मला एकही गोष्ट पहिल्या विचारण्यात खरी सांगितलेली नाही. यात त्याचा स्वभाव कमी आणि गाव जास्त. ऑस्ट्रेलियातल्या या कूबर पीडीत ओपलची रत्नं खणणाऱ्या माणसाला "कुठे खणतोस?" असं विचारणं म्हणजे परक्याच्या बायकोचं वजन विचारणं. विचारलंच, तर खाण उत्तरेला असेल तर दक्षिण सांगायची, हा इथला शिष्टाचार. मी शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा त्याच्या मुलीने नकाशात बापाची खाण समुद्रात दाखवली होती. मी पूर्ण मार्क दिले.

ग्रीसच्या कोस बेटावरून तो, त्याच्या सांगण्याप्रमाणे, बाविसाव्या वर्षी इथे आला आणि पुढची पन्नास वर्षं जमिनीखाली राहिला. गेल्या ऑगस्टमध्ये शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विवराच्या, शिडीवरून पडला. खालून चौथ्या पायरीवरून पडला म्हणून वाचला. खुब्यात लोखंडी दांडा बसला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे शिडी दिसली की तोंड फिरवायचं. मग तो सहा महिने दिवाणखान्याच्या भिंतीकडे बघत बसला. घर डोंगरात कोरलेलं, भिंत दगडाची. त्याची बायको स्तमातिया म्हणायची, "भिंतीत काही दिसलं तर सांग, नाहीतर निदान डोळे तरी मीट."

अशात ॲडलेडहून त्याच्या चुलतभावाचा फोन आला. कोस्मास दातांचा डॉक्टर, पण त्याला नसते नाद फार. त्याने एक यंत्र करून घेतलं होतं : लोखंडी चौकट, त्यात सहा जाडजूड कार्डं आणि डझनभर पंखे. दिवसभर गणितं सोडवायची आणि त्या बदल्यात इंटरनेटवरची नाणी मिळवायची, एवढंच त्याचं काम. त्याला खाणकाम म्हणतात. कोस्मासच्या बायकोने आवाजाला कंटाळून ते घराबाहेर काढलं होतं.

"शिडी नाही?" पांतेलिसने विचारलं.

"नाही."

"सुरुंग?"

"नाही रे बाबा."

"मग पाठव."

यंत्र आलं. सुरू केल्यावर दिवाणखान्यात विमान उतरल्यासारखं झालं. स्तमातियाने ते तासाभरात घराच्या टोकाच्या खोलीत नेऊन घातलं. वीज डोंगरावरच्या सौर पॅनेलांची, म्हणजे ऊन असेतोवरच चालणार. अडचण एकच होती. याला इंटरनेट लागतं, आणि वायर जोडायची खाच कोस्मासकडेच जळाली होती. मग टपालाने वायफायचा अडॅप्टर मागवला. अंगठ्याएवढी वस्तू, यूएसबीत खुपसायची. तिच्यावरचा दिवा लागला की झालं. खुपसली. दिवा काही लागला नाही.

कोस्मासने यंत्रावर लिनक्स नावाची सिस्टिम घातलेली होती. लिनक्स फुकट असतं आणि गुणी असतं, पण ते कोणाच्या मनातलं ओळखत नाही. त्याला नीट सांगावं लागतं. पांतेलिसला नीट सांगायची सवय नाही. चौथ्या दिवशी त्याने जेवताना जाहीर केलं, "ईस्टरपर्यंत हे चाललं तर ठीक. नाहीतर मी शिडी लावतो."

दुसऱ्या दिवशी स्तमातिया माझ्या दारात. "बाई, हा बोलतो ते करतो. खुब्यात दांडा घेऊन खाली गेला तर वर आणायला क्रेन लागेल. काहीही करा, पण ते यंत्र चालवा."

मी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी वाचनालयात बसते आणि लोकांचे सरकारी अर्ज कॉम्प्युटरवर भरून देते. पांतेलिस आला, दोन्ही दारांकडे बघितलं, मूठ उघडली आणि लगेच मिटली.

"काय होतं ते?"

"तेच, बाई."

"मला दिसलं नाही."

"दिसायला कशाला पाहिजे?"

बळेच मूठ उघडायला लावली. अडॅप्टरवरचं नाव त्याने ओपल घासायच्या चाकावर धरून साफ उडवलं होतं.

"हे का घासलंस?"

"जोवानने पाहिलं तर उद्या त्याच्याकडेही येईल."

"जोवानकडे कॉम्प्युटर नाही!"

"म्हणूनच. त्याला कशाला कल्पना द्यायची?"

जोवान म्हणजे त्याचा शेजारी. दोघांच्या खाणी चाळीस पावलांवर आणि चाळीस वर्षांत एकमेकांना एक खरं वाक्य नाही.

लिनक्सवाल्यांचा एक मंच आहे, तिथे प्रश्न टाकला की जगातून कोणीतरी उत्तर देतं. मी टाइप करायला बसले.

"लिहा," पांतेलिस म्हणाला, "माझ्या एका मित्राकडे एक वस्तू आहे. मित्र लांब राहतो."

"कुठे?"

"डार्विनला घाला."

उत्तर दिलं न्यूझीलंडमधल्या डनीडनच्या कोणा ‘बटाटा४४’ने. त्याने लिहिलं, "मित्राला म्हणावं ही कमांड दे आणि येणारा नंबर पाठव." प्रत्येक वस्तूला असा नंबर असतो, त्यावरून तिच्या पोटात कुठली चिप आहे आणि तिला कुठला ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, लागेल ते कळतं. पुढच्या वेळी पांतेलिसने नंबर आणला. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर लिहिलेला, चार घड्या घालून. माझ्या हातात दिला नाही. कानाशी येऊन एकेक आकडा कुजबुजला. मी टाइप केला.

बटाट्याने ड्रायव्हर सांगितला. मी तो पेन ड्राइव्हवर दिला, पांतेलिसने घरी जाऊन घातला. दिवा नाही. दुसरा दिला. नाही. असे चार झाले. बटाट्याने वैतागून लिहिलं, "असा नंबर मी आयुष्यात पाहिला नाही. तुमच्या मित्राने ही वस्तू चंद्रावरून आणली का?"

मला वाटलं पांतेलिस खट्टू होईल. तो खूश झाला. "बघा बाई! कोणाकडेच नाही."

तिथेच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. माझाही मूर्खपणाच.

ईस्टरच्या आधीचा बुधवार. उपवासाचा आठवडा, ग्रीकांच्या घरोघर मसूर. स्तमातिया हाताला पीठ तसंच घेऊन आली. "त्याने शिडी बाहेर काढलीय. खाणीतली माती वर ओढायच्या रहाटाला वंगण घालून झालं. हेल्मेटची बॅटरी चार्ज होतेय, माझ्या टोस्टरचा प्लग काढून!"

मी लॅपटॉप घेतला आणि गाडी काढली.

पांतेलिस अंगणात शिडीच्या पायऱ्या पुसत होता. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. सरळ टोकाच्या खोलीत गेले, यंत्रापुढे बसले, तीच कमांड दिली आणि नंबर वाचला. मग लॅपटॉपवर आम्ही पाठवलेला नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे वेगळे.

"पांतेलिस! इकडे ये!"

काठी टेकत आला. पडद्याकडे बघितलं, मग छताकडे.

"हे काय आहे?"

"शेवटचे दोन मी बदलले."

"का?"

"सगळे कसे सांगणार, बाई? ओळख ना पाळख. आणि नाव काय, तर बटाटा!"

"अरे, तो माणूस पंधरा दिवस तुझ्यासाठी डोकं फोडतोय!"

"लग्नात वय सांगितलं तेही चार वर्षं कमी," स्तमातिया म्हणाली. "मी पासपोर्ट बघितला तेव्हा दोन मुलं झाली होती."

त्याने पडद्यावरचे ते दोन आकडे बोटाने झाकले. मग म्हणाला, "सगळंच सांगून टाकलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. मी तोंडातली शिवी गिळली.

"खुबा राहिला," स्तमातिया म्हणाली. "एक. तो मोडलास तर तोही नाही. आणि मी रहाटाशी बसून तुझ्या हाकेला कान लावणार नाही आता. बास झालं. पन्नास वर्षं लावला."

पांतेलिस भुयारातून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. काठीचा ठक ठक आवाज ऐकत आम्ही दोघी बसलो. शेवटी आला आणि स्टुलावर बसला. "लिहा."

आणि मग बांध फुटला. नंबर दोनदा, एकेक आकडा. डार्विनला कोणी मित्र नाही. वस्तू माझी. वय शहात्तर, खरं. शाफ्ट, शिडी, खुबा, दांडा. बायकोचं नाव स्तमातिया, आणि ती फार बोलते. मी टाइप करता करता दमले.

"पण खाण कुठे आहे ते नाही सांगणार," तो म्हणाला.

"ते कोणी विचारलेलंच नाही!"

बारा मिनिटांत उत्तर आलं. "नमस्कार पांतेलिस. हा नंबर अगदी रोजचा आहे. तुझी वस्तू खोटारडी आहे, एवढंच. यूएसबीत घातल्याबरोबर ती सांगते की मी डिस्क आहे, कारण तिच्या पोटात दुसऱ्या सिस्टिमसाठीचे ड्रायव्हर भरलेले असतात. लिनक्स बिचारं विश्वास ठेवतं. खालची एक ओळ दे, म्हणजे ती सोंग टाकेल. तिचा खरा ड्रायव्हर तुझ्या यंत्रात पहिल्यापासून आहे. खुबा सांभाळ."

पांतेलिसने ते तीनदा वाचलं.

"खोटं बोलत होती?"

"हो."

"पंधरा दिवस? मला?"

त्याला खरोखर लागलं होतं. स्तमातिया पदराआड हसायला खोलीबाहेर गेली, म्हणजे ॲप्रनआड, आणि भुयारात तिचं हसणं तिप्पट मोठं ऐकू आलं.

मी ती ओळ टाइप केली. "दाब," म्हटलं. त्याने एका बोटाने बटण दाबलं. अडॅप्टरवर निळा दिवा लागला. क्षणभर काही नाही, मग पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि सगळे पंखे एकदम उठले. बोलणं ऐकू येईना. पांतेलिस काहीतरी ओरडत होता. स्तमातियाने दारातून डोकं घालून आणखी मोठ्याने ओरडून सांगितलं की मसूर करपला, आणि तो फक्त तिचाच दोष नाही.

ईस्टरच्या रविवारी कोकरू भाजून खाऊन झालं, रिवाजाची लाल अंडी फोडून झाली. सोमवारी दुपारी त्याने मला गाडी काढायला सांगितली. कुठे ते सांगितलं नाही. डावीकडे, उजवीकडे, पुढे, असं करत आम्ही तिघं, स्तमातिया मागे बसलेली, त्याच्या खाणीपाशी पोचलो. खाणीच्या जागेच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या असतात. त्या उपटल्या की जमीन तुमची राहत नाही. दुसरा कोणीही येऊन स्वतःच्या ठोकू शकतो. पांतेलिसला वाकता येत नाही, म्हणून उपटायचं काम स्तमातियाकडे आणि सूचना त्याच्याकडे.

"हळू. वाकवू नकोस."

"खुंटी आहे रे, कोस्मासकडचा दात नाही."

चौथी निघेना. तिघांनी मिळून हलवली. निघाली तेव्हा पांतेलिस त्या भोकाकडे थोडा वेळ बघत राहिला, मग बुटाने माती लोटून ते बुजवलं. स्तमातियाने त्याचा दंड धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

गाडीत बसल्यावर त्याने आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"बाई, जरा दाबा की. ऊन उतरायच्या आत यंत्रापाशी पोचायचंय."