सुनंदा आणि पेपरातलं आरोग्य

दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी सुनंदानं मला विचारलं, "आज आरोग्याचं काय छापलंय?" आवाज इतका बारीक झाला होता की मला खाली वाकावं लागलं. मी पेपर उघडला. उतारवयात नवी भाषा शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती चांगली टिकते, असं काहीतरी होतं. ते वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "ज्याची आधीच चांगली असते... तोच शिकायला जातो ना." एवढ्यानं ती दमली. दुपारी तिला आयसीयूत हलवलं आणि संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. माझ्या बायकोचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते हे. भेटायला येणारे विचारायचे, वहिनी शेवटी काही बोलल्या का? मी सांगायचो, नाही, शांतपणे गेली. खरं सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, दुःखानं यांचं डोकं फिरलं.

पण तिच्या विद्यार्थ्यांना लगेच कळलं असतं. सुनंदा आधी शाळेत गणित शिकवायची आणि नंतर जुळे सोलापूर भागात, आमच्या घरापासून जवळच, एका क्लासमध्ये क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद पारखायला. बँकेच्या आणि एमबीएच्या प्रवेशपरीक्षांना बसणारी मुलं तिच्याकडे यायची. त्या परीक्षांत एक ठरलेला प्रश्न असतो. छोटा उतारा देतात: एका पाहणीत असं असं दिसलं, म्हणून अमक्यामुळे तमुक होतं. खाली विचारतात, पुढीलपैकी कोणत्या विधानामुळे हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो? उतारे बहुतेक आरोग्याचे असतात. सुनंदा म्हणायची, तब्येतीचा विषय निघाला की भल्या-भल्या शहाण्यांची अक्कल गहाण पडते, परीक्षा घेणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. हे म्हणताना ती माझ्याकडे बघायची. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, बीपीच्या गोळ्या खाणारा, पेपर हातात आला की आधी आरोग्याचं पान उघडणारा माणूस. मेथीचं पाणी, तांब्याचा तांब्या, गच्चीवर उलटं चालणं, सगळं करून झालं होतं. उलटं चालताना शेजाऱ्यांच्या वाळवणात पाय पडला, तेव्हा ते थांबलं.

संध्याकाळी तिला आणायला मी स्कूटर घेऊन जायचो आणि वेळ असला तर मागच्या बाकावर बसायचो. मुलं नेमकी एकाच ठिकाणी चुकायची. कमकुवत करा म्हटलं की निष्कर्षाला सरळ खोटं म्हणणारं विधान शोधायची. सुनंदा खडू हातात घेऊन म्हणायची, "निष्कर्षाशी भांडू नका रे. तो खरा असेल, खोटा असेल. तुम्ही पुरावा बघा, निष्कर्ष बघा, आणि या दोघांना बांधणारी गाठ कुठं आहे ती शोधा. तेवढी ढिली करा आणि पुढं चला." एकदा फळ्यावर असं होतं: रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या वृद्धांची गुडघेदुखी कमी असते, तेव्हा फिरण्यानं गुडघेदुखी जाते. पर्याय वाचून वर्ग गोंधळला. करमाळ्याकडून आलेली एक मुलगी होती, सहसा तोंड न उघडणारी. ती उठून म्हणाली, "मॅडम, पन ज्याचं गुडघं दुखत्यात, त्यो फिराया जाईलच कसा?" सुनंदाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आपल्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही मी तो इतका उजळलेला पाहिला नव्हता. घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मी, ज्यानं मनातल्या मनात भलताच पर्याय निवडला होता, गप्प गाडी चालवत होतो.

तिचं माहेर अक्कलकोटचं, घरात कानडी. माझ्याशी मराठी बोलायची, पण कुठलीही छातीठोक गोष्ट ऐकली की तोंडून आपोआप "हौदा?" निघायचं. म्हणजे 'असं का?'. भुवई थोडी वर. बास, समोरच्याचा निम्मा आत्मविश्वास तिथंच जायचा. आमची सकाळ अशीच सुरू व्हायची. ती चहा आणि माझी गोळी पुढ्यात ठेवायची, मी आरोग्याची बातमी मोठ्यानं वाचायचो, ती म्हणायची, "हौदा? करा मग कमकुवत." मला कधी जमायचं नाही. मग ती जाता-येता, कुकर लावता लावता करून टाकायची. एकदा छापून आलं, शेंगदाणे खाणारी माणसं जास्त जगतात. सोलापूरच्या माणसाला आणखी काय हवं? मी उत्साहानं शेंगाचटणीची मोठी पुडी घेऊन आलो. सुनंदा कडक भाकरी मोडत म्हणाली, "शेंगदाणे कोण खातो म्हातारपणी? ज्याचे दात शाबूत आहेत तो. ज्याचे दात शाबूत, त्याचं बाकीचंही शाबूत असणार की." मी चिडलो. म्हटलं, तुला काही चांगलं बघवतच नाही. ती हसली आणि तीच चटणी माझ्यापेक्षा जास्त खाल्ली. "गाठ ढिली केली म्हणून चटणी काय कडू होते होय?" म्हणाली. माझी चिडचिड खरी होती, हेही सांगतो. आयुष्यात एखाद्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचं सुख या बाईनं मला कधी घेऊ दिलं नाही. आता मात्र कुणी तरी समोर बसून माझा शब्द न् शब्द उसवावा म्हणून जीव तुटतो.

आजार कळला तेव्हा मला धास्ती होती की आता हिची ही सवय हिच्याच मुळावर येणार. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, हे औषध पूर्ण घेणारे पेशंट न घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिवस काढतात असं दिसलंय. सुनंदानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूर्ण घेणारे म्हणजे ज्यांच्या अंगात ते सोसायची ताकद होती ते ना? त्यांनी तसेही जास्त दिवस काढले असते." मी टेबलाखालून तिचा हात दाबला. डॉक्टर हसले. "मॅडम, तेवढ्या कारणानं नाही म्हणणार का तुम्ही?" ती म्हणाली, "छे हो. तुमचं म्हणणं जरा कमकुवत झालं, खोटं कुठं ठरलं? घेऊ की. कधीपासून सुरू करायचं?" आणि ती शेवटपर्यंत सगळं घेत राहिली, उलट्या, केस गळणं, सगळं सोसून. आशा धरायला पुरावा भक्कमच लागतो असं तिनं कधी मानलं नाही. फक्त किती भक्कम आहे ते तिला माहीत असायला हवं होतं.

माझी थोरली बहीण बार्शीहून एसटीनं आली, पिशवीत काढ्याची बाटली घेऊन. "घेऊन तर बघ की गं. लई गुण येतो. ज्या ज्या बाईनं घेतला, ती बरी झाली." सुनंदा उशीला टेकून बसली होती. "वन्सं," ती अगदी मायेनं म्हणाली, "ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्या तुम्हाला सांगायला कुठनं येणार?" बहिणीला ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिला रडू फुटलं. सुनंदानं तिला जवळ बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून, वन्सं बघत असताना, तिनं चमचाभर काढा घेतला आणि तोंड वाकडं केलं नाही.

ती गेल्यावर मुलगी, मेघा, काही आठवडे माझ्याजवळ राहिली आणि मग पुण्याला तिच्या नोकरीवर गेली. जाणारच. मी तिला सांगितलं, माझी काळजी करू नकोस, माझं सगळं व्यवस्थित आहे. सकाळी पेपर यायचा, पण घडी मोडवत नव्हती. चहा कधी व्हायचा, कधी नाही. संध्याकाळी भूक लागलीच तर चहात खारी बुडवायची. दोघांचं घर एकट्याला इतकं मोठं होतं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कशासाठी जावं हेच कळायचं नाही... आणि एका सकाळी सवयीनं पेपर उघडला गेला. आरोग्याच्या पानावर होतं: बायको गेल्यावर नवराही फार काळ राहत नाही असं पुष्कळदा दिसतं, विरहाचं दुःख जीव घेऊ शकतं. मी ते दोनदा वाचलं. सुनंदा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. अगदी खरं सांगतो, एखाद्या गावाला जायची गाडी लागली आहे असं कुणी सांगावं तसं. मी कात्री आणली, बातमी कापली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकली.

पुढच्या शनिवारी मेघा आली. पाणी घ्यायला फ्रिजशी गेली आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती वळली तेव्हा तिचा चेहरा हुबेहूब आईचा झाला होता. "बाबा, करा हे कमकुवत."

"राहू दे गं."

"आईच्या घरात अशी बातमी नुसती चिकटवून ठेवायची? करा."

मी म्हटलं, "सगळेच नवरे काही जात नाहीत."

"म्हणजे निष्कर्षाशी भांडलात. गाठ कुठंय?"

ती हटणार नव्हती. मी बातमीकडे बघितलं, मग नाइलाजानं इकडे-तिकडे. ओट्यावर न धुतलेले कप. डब्यात खारी. टेबलावर बीपीच्या गोळ्यांची पट्टी, मेघा गेली त्या दिवशी होती तशीच, एकही गोळी न फुटलेली. आणि मला ते दिसलं. पर्याय समोर नसताना, आपसूक. मी हळूहळू म्हणालो, "ती माणसं दुःखानंच गेली हे कशावरून... त्यांना गोळी कोण देत होतं? जेवायला हाक कोण मारत होतं? बायको गेली तेव्हा तेही सगळं गेलं असेल." मेघानं पट्टीतली एक गोळी फोडून माझ्या तळहातावर ठेवली आणि पाणी दिलं. मी गोळी घेतली. मग मात्र आम्ही दोघंही खूप रडलो.

आता वरण-भात मला करता येतो, भाजी जमते, भाकरी शेजारच्या बाई पाठवतात. गोळी रोज घेतो. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, बीपी छान आहे, अशी तब्येत ठेवलीत तर काही होत नाही तुम्हाला. मी बरं म्हणून बाहेर आलो आणि स्कूटरपाशी नुसता उभा राहिलो. रोज सकाळी चहा घेऊन मी बसतो, बातमी मोठ्यानं वाचतो आणि सुनंदाच्या खुर्चीकडे बघत बातमीतली गाठ शोधतो. बहुतेक वेळा सापडते. फ्रिजवरचं ते कात्रण मात्र मी अजून काढलेलं नाही. सुनंदा, बाकीच्या सगळ्या बातम्या खुशाल कमकुवत कर. ही एक तेवढी राहू द्यायची होतीस.