शेजारच्या ब्राझीलवाल्याला पिठलं-भात

बायको गेली आणि मुलगा मला हॅम्बर्गला घेऊन आला. दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट असेल. शेजारच्या फ्लॅटमध्ये ब्राझीलचा एक फुटबॉलवाला राहायचा. इथल्या क्लबात त्याचं पहिलंच वर्ष. थंडीने गारठलेला, भाषा येईना, आणि खेळवायचेही नाहीत, नुसता बाकावर बसवायचे. एक दिवस मुलगा म्हणाला, "बाबा, तो उद्या कायमचा परत चाललाय. बॅग भरून बसलाय. कालपासून जेवलाही नाही."

मी सुनेला पिठलं-भात टाकायला सांगितलं.

"अहो बाबा, पिठलं दुःखाच्या घरी नेतात. त्याच्याकडे कोणी गेलेलं नाही!"

"गाव सुटलंय त्याचं. ते कसं असतं मला विचार. कर तू."

मुलाला घेऊन गेलो. आमच्यात रीत अशी की समोरचा जेवल्याशिवाय आपण उठायचं नाही. मी बसून राहिलो. त्याने कसाबसा एक घास घेतला, मग रडत रडत सगळं संपवलं. मीही रडलो, त्यात लाज कसली? ही गेली तेव्हा मलाही शेजारणीने असंच समोर बसून जेवू घातलं होतं.

तोंड पुसून तो मुलाशी इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतो रे?"

"थंडी सरेपर्यंत राहून बघतो म्हणतोय."

"मग रोज जेवत जा म्हणावं. उपाशी माणसाकडे चेंडू कोण देईल?"