बल्बांची रांगोळी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी चौदा वर्षांची होते. वडील लखनौला रेल्वेत इंजिनियर होते. त्या वर्षी कॉलनीच्या क्लबनं एक नवीच टूम काढली. दिवाळीला नुसत्या माळा न सोडता कॉलनीतल्या बायकांनी लहानपणच्या सणाची एकेक आठवण सांगायची, वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी ती प्लायवूडवर रंगीत बल्ब बसवून चितारायची, आणि ते बोर्ड मोठ्या रस्त्याच्या कडेनं उभे करायचे. साऱ्या गावाला बघता यावेत म्हणून.

आठवणी गोळा करायची बैठक आमच्याच घरी झाली. आईची पाळी आली तेव्हा ती पदर सावरून, मोडक्यातोडक्या पण ठाम हिंदीत सांगू लागली: कऱ्हाडला आमचं मोठं अंगण होतं, मी आणि माझी ताई पहाटे रांगोळी काढायला बसायचो, मधे कमळ, चार कोपऱ्यांत चार मोर, गल्लीतले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. बायका माना डोलावत होत्या. मला ते अंगण तोंडपाठ होतं. दर दिवाळीला त्या अंगणाच्या नावानं मी बोलणी खायची. ठिपक्यांची ओळ जरा वाकडी गेली की आई पायानं पुसून टाकायची. ‘‘आमच्याकडे असलं चालत नसे.’’ मी हिंदीत उलट उत्तर द्यायची, त्यानं ती आणखी चिडायची.

माझ्या मैत्रिणी दिवाळीत घरौंदा करत. मातीचं बुटकं घर, चुन्यानं रंगवलेलं, आत खेळण्यातली भांडी आणि खील-बताशे, म्हणजे लाह्या-बत्तासे. त्या वर्षी मीही क्वार्टरच्या मागं एक बांधला. दोन मजली, वर गच्ची. धनत्रयोदशीला आईनं तो खराट्यानं सपाट केला. ‘‘हे आपलं नव्हे,’’ एवढंच म्हणाली.

तिची रांगोळी मात्र सगळ्यांत मोठ्या बोर्डावर झाली. मोरांचे पिसारे निळे-हिरवे उघडमीट करायचे. पार जुन्या शहरातल्या चौकातून लोक रिक्षा करून बघायला येऊ लागले, आणि आई तीन दिवस हवेतच होती.

आईची ती ताई, माझी मावशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आली. ती यात्रा कंपनीबरोबर काशीला आली होती आणि भाऊबीजेपर्यंत आमच्याकडे राहणार होती. लखनौला ती पहिल्यांदाच येत होती. पूजा झाल्यावर आम्ही तिला बोर्ड दाखवायला नेलं. तिथं क्लबच्या बायका होत्या, आणि सर्वांत मोठ्या साहेबांच्या बाई पहिल्या बक्षिसाचा बोर्ड निवडायला आल्या होत्या.

मावशीनं पाहिलं आणि टाळीच वाजवली.

‘‘अगं बाई! हे तर वकिलांचं अंगण! तेच कमळ, तेच मोर. आठवतं का गं, आई आत त्यांचा स्वयंपाक करायची आणि आपण दोघी पहाटे शेणाचा सडा घालायला जायचो? आणि तू मोराच्या पिसाऱ्याला हात लावलास म्हणून वकिलांच्या थोरलीनं तुला पायरीखाली हाकललं होतं!’’ ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

‘‘ताई, पुरे,’’ आई हळूच म्हणाली.

साहेबांच्या बाईंनी मला विचारलं, ‘‘मौसीजी क्या कह रही हैं, बेटा?’’

आमच्याशिवाय तिथं कुणाला मराठी कळत नव्हती. ‘बहुत सुंदर है’ एवढं सांगून भागलं असतं. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी सगळं सांगितलं. सावकाश, शुद्ध हिंदीत, एक शब्द न गाळता. गोबर हा शब्द जरा मोठ्यानंच म्हटला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे लिहिलंच पाहिजे.

कुणीतरी खुदकन हसलं. बाई म्हणाल्या, ‘‘अच्छा... तो ये आँगन आपका नहीं था?’’

‘‘नहीं,’’ आई म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

‘‘काय झालं गं? काय म्हणाल्या त्या?’’ मावशी मला विचारत राहिली. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

क्लबमध्ये नंतर कुणी आईला टोचून बोललं नाही. उलट सगळ्याच जास्त गोड वागू लागल्या. ‘बेचारी’ म्हणू लागल्या. आईला तेच सोसलं नाही. तिनं क्लब सोडला. मावशीला तिनं दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. डबा स्वतः भरून दिला, पण स्टेशनवर गेली नाही. पुढं मावशीची पत्रं यायची, ती वाचून खिडकीत ठेवून द्यायची. उत्तर वडील लिहीत. काही वर्षांनी मावशी गेल्याची तार आली, तेव्हा आईनं अंघोळ केली आणि कणीक मळायला घेतली.

रांगोळी तिनं पुन्हा काढली नाही. दुसऱ्या वर्षी मी घरौंदा बांधला. आईनं पाहिला आणि बाजूनं निघून गेली. तो मीच दुपारी मोडला.

माझं लग्न होऊन मी कानपूरला गेले. एका रविवारी आईकडे आले होते. ती मेथी निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि मराठीत म्हणाले, ‘‘आई, त्या दिवाळीला मी चुकले.’’

कुठली दिवाळी, हे तिनं विचारलं नाही. ‘‘तू कुठं चुकलीस? होतं तेच सांगितलंस. भाषांतर अगदी बरोबर होतं तुझं.’’

मला वाटलं, ती आणखी काही बोलेल. तिनं काड्या वेगळ्या केल्या, पानं टोपलीत टाकली.

‘‘गाडी कितीची तुझी?’’

‘‘पाचची.’’

‘‘मग निघ आता. रिक्षा लवकर मिळत नाही.’’