सून कुणाच्या गाडीतून येणार

विदोसाव माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी हा चुलीपाशी बसून हमसून हमसून रडत होता. मला वाटलं, भाऊ आता बायकोचा झाला म्हणून पोराला वाईट वाटतंय. जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "बुदिमीरच्या बर्फातल्या घसरगाडीला खाली लोखंडी पट्ट्या आहेत. माझ्या घसरगाडीला नुसतं लाकूड." मी नवरी, डोक्यावर अजून फुलं, आणि सासरी पहिलं काम काय केलं असेल तर या कार्ट्याचं नाक पुसलं. तेव्हाच ओळखलं, याचं सगळं आयुष्य शेजारच्या अंगणात जाणार.

बुदिमीर नुसता शेजारी असता तर भागलं असतं. तो आमचा कूम. आमच्याकडे कूम म्हणजे लग्नात वधूवरांच्या पाठीशी उभा राहणारा, पुढे त्यांच्या पोरांना नावं देणारा. हे नातं बापाकडून मुलाकडे येतं आणि तोडलं तर पिढ्यान् पिढ्या बाधतं म्हणतात. म्हणजे ज्याच्यावर जळायचं, सणावारी त्यालाच पहिला घोट द्यायचा आणि वर हसायचं. विदोसावचं हसणं तेव्हापासून एका बाजूलाच वळतं.

बुदिमीर मिसरूड फुटल्या फुटल्या व्हिएन्नाला गेला, लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवायला. विदोसाव मागे राहिला, मोरावा नदीकाठच्या पिठाच्या गिरणीत. बुदिमीरने गावात तीन मजली घर बांधलं. वर्षभर त्यात कोळी राहतात आणि ऑगस्टात माणसं. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले. विदोसावलाही सिंह हवे होते. त्याची बायको मिलुंका म्हणाली, "आधी छपराची कौलं बदल. गळक्या घराची राखण करायला सिंह कशाला?" मग त्याने एक कुत्रा आणून फाटकाशी बांधला. कुत्रा सुटला की सरळ बुदिमीरच्या सिंहापाशी जाऊन पाय वर करी. त्याबद्दल विदोसावकडून त्याला रोज हाड मिळे.

पण खरं दुखणं गाड्यांचं. दर ऑगस्टात बुदिमीर नव्या गाडीतून यायचा. भोंगा वाजवत गावाला चक्कर मारायची आणि मग आमच्या दारात थांबायचं. विदोसाव पडद्याआडून बघायचा.

"काय तो रंग! कोंबडीच्या काळजासारखा."

"विदोसावा, पडद्याला भोक पडेल."

"आणि एवढी लांब कशाला? ज्याची गाडी लांब त्याची अक्कल आखूड, वहिनी."

मग बाहेर जाऊन त्याच गाडीच्या टपावर थाप मारायचा, "मुबारक हो, कूम! चाकं फिरती राहोत!" आणि रात्री जेवायचा नाही. मिलुंका म्हणायची, ऑगस्टात माझा स्वयंपाक अर्धा लागतो.

असं सगळं आयुष्य चाललं होतं. मग त्याचा मुलगा नेबोयशा याचं लग्न ठरलं. मुलगी तियाना, नदीपलीकडच्या गावची. लग्न पुढच्या ऑगस्टात, कूम सुटीवर असताना. कळवायला फोन केला तर बुदिमीर तिकडून आनंदाने ओरडला, "गाडीची काळजी करू नकोस! नवी घेतोय. पांढरी. सून माझ्या गाडीतून घरी आणू!"

विदोसावने फोन ठेवला आणि बाकावर बसला. आधी लाल झाला, मग पांढरा.

"माझी सून," तो म्हणाला, "माझ्या अंगणात माझ्या गाडीतून उतरेल."

"तुझी गाडी पीठ वाहते," मी म्हटलं. "नवरी उतरेल तेव्हा पावासारखी दिसेल."

दुसऱ्या दिवशी परसातला अक्रोड तोडायला माणसं आली. आजेसासऱ्यांनी लावलेलं झाड. अक्रोडाचं लाकूड विकून विदोसाव शहराबाहेरच्या त्या पटांगणात गेला, जिथे जर्मनीतून आलेल्या जुन्या गाड्या उतरवतात, आणि संध्याकाळी एका ट्रकच्या मागे बांधून एक गाडी घेऊन आला. पोर्श! गावात शिरताना पोरंसोरं धावली. गाडी निळी, बुटकी, बसक्या बेडकासारखी. वरचं कापडी छप्पर फाटलेलं, एक दार चेपलेलं, आणि चालू केली की खोकायची, तीही एकदाच. नव्या पोर्शला बुदिमीरच्या सगळ्या गाड्या विकून पुरलं नसतं, पण ही विशीतली, दहा हातांतून गेलेली आणि शेवटच्याने वाऱ्यावर सोडलेली. म्हणून आमच्या विदोसावच्या आवाक्यात आली.

"ही चालत नाही," मिलुंका म्हणाली.

"चालेल."

"चालवणार कोण?"

"दुरुस्त करेल तोच चालवेल. मी."

गॅरेजवाल्याकडे नेली असती तर अक्रोडांचं बन लागलं असतं. त्याने कोठार रिकामं केलं, गाडी आत घेतली आणि सगळा हिवाळा तिच्याखाली काढला. मुलाच्या फोनवर कुणी जर्मन माणूस अशीच गाडी खोलताना दिसायचा. विदोसावला जर्मन येत नाही. तो नुसते त्या माणसाचे हात बघायचा, थांबवायचा, परत बघायचा. "बोलणं कळत नाही, वहिनी, पण हात कळतात." भंगारात पडलेल्या गाड्यांचे सुटे भाग आणायचा, घासायचा, चुकीचा निघाला की शिव्या देत परत न्यायचा. एकदा सगळं जोडून झालं आणि हातात एक नट उरला. त्या एका नटासाठी परत सगळं खोललं. छप्पर मी शिवलं, घोड्याच्या खोगिराच्या सुईने. बोटं सोलली, पण शिवण आजही गळत नाही.

हळूहळू गावातले पुरुष कोठारात जमायला लागले. कुणी बॅटरी धरी, कुणी राकिया दारूची बाटली. विदोसाव खालून ओरडायचा, "तेरा नंबरचा पाना!" आणि चौघं एकदम वाकायचे. माझ्या नवऱ्याच्या मागे या घरात एवढी माणसं कधी जमली नव्हती. मिलुंका मात्र म्हणायची, "माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा एकानेही बॅटरी धरली नाही."

वसंतात, जुर्जेवदानच्या सणाच्या सकाळी, गाडी चालू झाली. खोकली नाही. घुमली. विदोसावने छप्पर मागे टाकलं आणि गावातून चक्कर मारली. कोंबड्या कुंपणावर चढल्या. बुदिमीरच्या बंद घरासमोर त्याने गाडी थांबवून उगाच दोनदा घुमवली. सिंहांनी ऐकलं असेल तेवढंच.

आता तो रोज फडक्याने तिला पुसायचा आणि सून कशी उतरेल ते सांगायचा. दार असं उघडेन, हात असा धरेन, बुदिमीरची ती पांढरी मागे कुठेतरी धूळ खात असेल. एका रविवारी जेवणानंतर तो हेच घोळवत होता. माझा नातू वुकाशिन शेजारी डुकराच्या बरगड्या चावत होता. नेबोयशाला भाऊ नाही, म्हणून लग्नात नवरीच्या दिराचा मान त्यालाच होता. त्याला बघून मला एकदम सुचलं.

"विदोसावा, वुकाशिन कुठे बसणार रे?"

"कुठे म्हणजे?"

"नवरी घरातून निघाली की दीर तिला सोडत नाही. गाडीत तिच्या शेजारी बसतो. तू चालवणार, ती बाजूला. मग हा माझा पाडा? तुझ्या मांडीवर?"

सगळे त्या गाडीकडे बघायला लागले. दोनच जागा. मागे बाकडं नाही, काही नाही. अख्खा हिवाळा निम्मं गाव त्या कोठारात बसलं होतं, प्रत्येकाने आपल्या आयुष्यात दहा वराती पाहिलेल्या, आणि एकालाही हे दिसलं नव्हतं. विदोसावला तर मुळीच नाही. त्याला फक्त बुदिमीरची गाडी दिसत होती.

"मी मागच्या डिकीत बसतो ना," वुकाशिन म्हणाला.

"तू डिकीत मावला असतास तर डुकराऐवजी तुलाच भाजला असता," मिलुंका म्हणाली.

विदोसाव हसला नाही. उठला आणि गाडीवर चादर टाकून आला.

ऑगस्टात बुदिमीर आला. पांढरी गाडी, आत सोफ्यासारखी बाकं, सात माणसं ऐसपैस. "सून इथे, दीर तिथे, आणि मध्ये बोकड बांधा हवं तर!" विदोसावने टपावर थाप मारली. "मुबारक हो, कूम." सून कुणाच्या गाडीतून येणार ते ठरून गेलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला चुलीपाशी रडणारं ते पोर आठवलं.

संध्याकाळी बुदिमीर कोठारात डोकावला. चादर उचलली, गाडीत बसला, उतरला, परत बसला.

"कुणी केली?"

"मीच."

"नाही, म्हणजे इंजिन वगैरे?"

"मीच, कूम."

बुदिमीरने चादर परत नीट घातली. बाहेर तुतीखाली मी शेंगा सोलत होते, तिथे येऊन बसला. एक शेंग घेतली आणि न सोलताच कुरतडत राहिला.

"वहिनी, माझ्या गाडीला तेल कुठून घालतात ते मला माहीत नाही. तिकडे गॅरेजात मला खुर्चीवर बसवतात, कॉफी देतात. आत पाऊल टाकलं की म्हणतात, साहेब, पिवळ्या रेघेच्या मागे." मग कोठाराकडे बघून म्हणाला, "याच्याकडे रोज एवढे लोक येतात?"

मी शेंगा सोलत राहिले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईटही वाटलं. एकाच दुखण्याची दोन माणसं, आणि मध्ये एक कुंपण.

लग्नाच्या दिवशी रीतीप्रमाणे आम्ही वाजतगाजत कूमला आणायला गेलो, विदोसाव निळी गाडी घेऊन. त्या दिवशी कूम म्हणेल तो कायदा, वराचा बापसुद्धा त्याच्यापुढे चाकर. बुदिमीर पांढऱ्याशुभ्र शर्टात बाहेर आला, वाजंत्री थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पांढरी गाडी माझा जावई चालवेल. मी या निळ्या गाडीतून जाणार." विदोसावचा चेहरा उजळला. त्याने धावत जाऊन बाजूचं दार उघडलं. बुदिमीर वळसा घालून दुसरीकडे गेला. "चालवणार मी. किल्ली आण."

कूमला नाही म्हणता येत नाही. विदोसावने किल्ली दिली. स्वतःच्या मुलाच्या लग्नात, स्वतःच्या गाडीत, तो बाजूच्या जागेवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. गिअर पडला की त्याचे दात करकरायचे म्हणे. मी मागच्या गाडीत होते, मला फक्त त्याची मान दिसली. ती लालभडक होती.

नदीपलीकडे नवरीकडची माणसं फाटकात जमली होती. बायकांनी सगळ्यांच्या छातीवर रोझमेरीच्या काड्या टाचल्या. नवरीच्या आईने विणलेला मानाचा टॉवेल आणून निळ्या गाडीच्या आरशाला बांधला. "कूमची गाडी काय सुंदर!" लोक म्हणायला लागले. "व्हिएन्नाचीच ना? दिसतंच!" बुदिमीर नुसता मान डोलवत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने टॉवेलाकडे बघितलं.

विदोसाव बदामाच्या झाडाखाली उभा होता. कुणीतरी त्याला विचारलं, "तुम्ही कशातून आलात?"

"कूमच्या बाजूला बसून," तो म्हणाला.

तेवढ्यात नवरीचा बाप द्रागोयलो आला. गडी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्याला टॉवेलबिवेलशी घेणंदेणं नव्हतं. "कूम, इंजिन दाखवा!"

बुदिमीरने चाचपडत एक खिट्टी ओढली, पुढचं झाकण उघडलं. आत एक चाक आणि विदोसावची तेलकट पँट.

"हां, मागे असेल!" द्रागोयलो म्हणाला. "आमच्या जुन्या फिचा गाडीसारखं. तिचंही मागेच होतं." सगळे फिचावाले हसत हसत मागे धावले. मागचं उघडलं. आत राकियाची कुपी, नवरीसाठी छत्री, आणि कोपऱ्यात तेला-पाण्याची दोन बुचं.

"पुढे नाही, मागे नाही! व्हिएन्नाहून ढकलत आणली की काय, कूम?"

फाटकात हशा पिकला. बुदिमीर घामाघूम. त्याने बदामाखाली बघितलं. विदोसाव हाताची घडी घालून उभा होता, आणि इतक्या वर्षांनी त्याचं हसू दोन्ही बाजूंनी सारखं होतं. मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"काय वहिनी? कूमची गाडी. कूमला विचारा."

"विदोसावा!"

पण आधी बोलला तो बुदिमीर. "गाडी माझी नाही," तो म्हणाला. पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू जाईल असं. "गाडी याची. यानेच विकत घेतली, यानेच खोलली, यानेच जोडली. मला तर बॉनेटसुद्धा सापडत नाही."

सगळी तोंडं बदामाकडे वळली. विदोसाव तसाच उभा राहिला, पण त्याचे हात मोकळे झाले. मग त्याने कोट काढून माझ्याकडे दिला, छप्पर अर्धं वर उचललं, जागांच्या मागचा गालिचा सोडवला, त्याखालचे स्क्रू बोटांनी फिरवले. एक पत्र्याचं झाकण निघालं, आणि त्याखाली इंजिन, धुतलेल्या भांड्यासारखं. द्रागोयलोने टोपी काढली. तीस डोकी आत वाकली.

"हे धर, कूम," विदोसाव म्हणाला, आणि ते झाकण बुदिमीरच्या हातात दिलं. बुदिमीरने ते छातीशी धरलं, बाळ धरावं तसं. त्याची खालची बाजू तेलकट असते, ती अंगाशी धरायची नसते, हे त्याला माहीत नव्हतं.

दारात नवरी येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे बघायला एक पुरुष नव्हता. शेवटी तिच्या आईने झाडू उचलला तेव्हा वरात निघाली. तियाना पांढऱ्या गाडीतून आली, वुकाशिन शेजारी, आणि आमच्या अंगणात पांढऱ्या गाडीतूनच उतरली.

वाटेत चर्चमध्ये बुदिमीर वधूवरांच्या पाठीशी उभा होता, आणि त्याच्या शुभ्र शर्टावर छातीभर काळा डाग. त्याची बायको दुसरा शर्ट घेऊन त्याच्या मागे फिरत होती. त्याने तो घेतला नाही. जेवणाच्या मंडपात तर कुणी न विचारताच सांगत होता, "हा? इंजिनाचा. आम्ही खोललं ना सकाळी."

विदोसाव माझ्या शेजारी बसला होता. लोक येऊन त्याला हात देत होते, पाठ थोपटत होते. मी म्हटलं, "झालं ना आता मनासारखं? जेव."

त्याने आपला कोरा करकरीत शर्ट खाली वाकून बघितला. बाही बघितली, छाती बघितली. मग बुदिमीरच्या डागाकडे बघत ताट जरा दूर सारलं.

"आम्ही खोललं म्हणतो," तो म्हणाला. "आणि डाग बघ, वहिनी, केवढा मिळाला त्याला."