आबांच्या छातीतली कळ

अंगात येणं, करणी, उतारा... आमच्या भागात याची कधी टंचाई नव्हती, आणि मी या सगळ्याला आयुष्यभर हसत आलो. मी कंपाउंडर होतो. दुखण्याला कारण असतं आणि कारणाला औषध, एवढंच शिकलो होतो. आजही माझा भुताखेतांवर विश्वास नाही. ज्यांना भुताची गोष्ट हवी असेल त्यांनी पान उलटावं, यात भूत नाही.

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी मी बारामतीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होतो. गाव इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कालव्याच्या पाण्यावर कांदा-वांगी लावायला सुरुवात केली. घरी आबा आणि आई दोघंच. मी रविवारी सायकलनं जायचो.

असाच एका रविवारी शेतात होतो. कांदा काढणी चाललेली. आबा बांधावर बसून विडी ओढत होते, आई पोतं डोक्यावर घेत होती. आबांनी एकदम छाती धरली आणि आडवे झाले. कळ जबड्यापर्यंत गेलेली, डावा हात बधिर, अंग घामानं चिंब. दवाखान्यात असे पेशंट पाहिले होते, म्हणून मी तसाच बारामतीला गेलो आणि डॉक्टरांना मोटारीतून घेऊन आलो. ते म्हणाले, हृदयाची रक्तवाहिनी तुंबलीय. कळ मारायला पेथिडीनचं इंजेक्शन दिलं.

तेव्हा यावर मुख्य इलाज एकच — पडून राहणं. सहा आठवडे. उठायचं नाही, कूस स्वतः बदलायची नाही, घाससुद्धा दुसऱ्यानं भरवायचा. आणि कळ आली की जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची बारीक गोळी. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळीनं डोकं ठणकेल, घाबरू नका. मला त्यांनी रजा दिली आणि कळ कधी येते, किती वेळ राहते, ते लिहून ठेवायला सांगितलं.

आबांचं डोकं एकदाही ठणकलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. आबा शांत झोपले होते आणि कळवळून जागे झाले. मी गोळी दिली, नाडी धरली. चेहरा पांढराफटक, पण नाडी अगदी संथ! दोन मिनिटांत कळ गेली. मी दारात आलो, तर आई ओल्या धुण्याची पाटी घेऊन नदीकडून येताना चढावर मध्येच बसलेली. कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. मला म्हणाली, उन्हानं असंल, डोकं फुटायला लागलंय.

मग मी कागदावर दोन रकाने केले. एकात आबांची कळ, दुसऱ्यात आई काय करत होती ते. पाणी आणलं — कळ. वैरणीचा भारा — कळ. आई दुपारी टेकली की आबा निवांत. आणि आबांच्या जिभेखाली गोळी गेली की पाच मिनिटांत आई डोक्याला फडकं बांधायची...

मी तिला खोदून विचारलं. म्हणाली, छातीत दाटतं खरं, मागल्या हिवाळ्यापास्नं. मला ते ठाऊक होतं. पित्त म्हणून वर्षभर मीच तिला दवाखान्यातनं मिक्श्चरच्या बाटल्या आणून देत होतो. मी तिच्यापुढं गोळी धरली. तिनं माझा हात बाजूला सारला.

"ह्यांची गोळी मी कशी खाऊ? ह्यांना कमी पडली मंजी?"

मी जबरदस्ती केली नाही.

डॉक्टरांना कागद दाखवला. ते चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, बायकांना या वयात हा विकार होत नसतो, तुझी झोप झालेली नाही. आईला एकदा फुरसतीनं घेऊन ये. फुरसत! सहा आठवडे ती बाई एका धडधाकट छातीच्या माणसाला घास भरवत होती.

सहा आठवडे सरले. कार्डिओग्राम काढायला आबांना पुण्याला न्यायचं ठरलं. यंत्र तिथंच होतं. मी म्हटलं, आईलाही नेऊ. आबा म्हणाले, "मग गुरं कोन बघंल?" आई तिथंच उभी होती. ती म्हणाली, व्हय की. आणि आमची भाकरी बांधायला आत गेली.

बारामतीहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं दौंड, तिथून पुणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या हातापायांना पट्टे बांधले, छातीवर वाटी लावली. कागदाची पट्टी सरकायला लागली आणि आबा ओरडले. अशी कळ त्यांना कधीच आली नव्हती. डोळे पांढरे झाले. पुण्याचे डॉक्टर एकदा आबांकडं बघत होते, एकदा पट्टीकडं. पट्टीवरच्या रेघा वहीत गिरवल्यासारख्या, एकसारख्या, निर्दोष.

मग आबा एकदम सैल पडले.

"थांबली," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, या हृदयाला कधी काही झालेलंच नाही. पट्टीच्या कडेला त्यांनी वेळ टाकली होती, अकरा वाजून पाच मिनिटं.

तिसऱ्या दिवशी बारामतीच्या स्टेशनवर चुलतभाऊ बैलगाडी जुंपून उभा होता. डोक्याला टोपी नव्हती. काल शाळेची अकराची घंटा झाली आणि काकू गोठ्यात वैरण टाकता टाकता पडली, म्हणाला. थांबता येईना म्हणून अग्नी दिलेला होता.

आबा पुढं सव्वीस वर्षं जगले. छातीत एकदाही दुखलं नाही. गावात सांगायचे, पुण्याच्या मशीननं करंट दिला अन् रोग ओढून काढला. लोक माना डोलवायचे. मीही तिथं बसलेला असायचो.

एकदाच विचारलं. आम्ही दोघंच ओट्यावर होतो. म्हटलं, आबा, ती कळ तुमची नव्हती. तुमाला ठावं होतं का?

त्यांनी विडी ओट्याच्या कडेला विझवली. मग म्हणाले, "पहिल्या दिसापास्नं. पर माज्या दुखन्याला मोटारीतनं डॉक्टर आला. तिच्या दुखन्याला कोन आलं असतं?"

तिची कळ त्यांनी मुद्दाम अंगावर घेतली होती, की सहा आठवडे पडून राहायला मिळालं म्हणून गप्प बसले, हे मला त्या उत्तरावरून कळलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघूनही कळलं नाही.

पुढं कामानिमित्त हृदयाच्या तीन डॉक्टरांना मी हे सांगितलं. एकानं विषय बदलला. दुसरा म्हणाला, जवळच्या माणसाला असं सहवेदनेनं दुखू शकतं. पण गोळी एकाच्या जिभेखाली आणि डोकं दुसऱ्याचं ठणकतं, याचं काय? तिसऱ्यानं खांदे उडवले.

आणि आईला कुणी कधी तपासलंच नाही. त्यामुळं तिला हृदयविकार होता, हेसुद्धा मी आज खात्रीनं सांगू शकत नाही.