प्रयागबाईंचा किरायदार

प्रयागबाई आयुष्यात एकच खोटं ठरवून बोलल्या, आणि ते नेमकं कमेटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, रजिस्टरात जाऊन बसलं. आता याला काय म्हणावं!

बाई मूळच्या खापा गावच्या. नवरा गेला तेव्हा प्रेमिला चार वर्षांची. पोरीला कडेवर घेऊन त्या नागपुरात आल्या आणि लग्नाघरी लंब्या रोट्या करू लागल्या. पालथ्या मडक्यावर हातभर लांब, पातळ पुरणाची रोटी टाकावी तर ती प्रयागबाईंनीच. वीस वर्षं हात भाजून घेतले तेव्हा कुठे दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे बसायला छपरी असं स्वतःचं घर उभं राहिलं.

जावई मधुकरराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते. माणूस सरळ, पण भारी मानी. चौऱ्याहत्तर साली त्यांच्या घरमालकानं खोली रिकामी करायला लावली आणि नवरा-बायको सासूकडे राहायला आली. झालं! पानठेल्यावर 'घरजावई आले, घरजावई आले' सुरू झालं. मधुकररावांनी पान सोडलं, मान खाली घालून ये-जा करू लागले, जेवण निम्म्यावर आलं. बाईंना ते बघवेना. एके सकाळी भरल्या नळावर त्यांनी कळशी आदळली. समोर सिंधूताई होत्या, गल्लीतली सगळ्यात लांब जीभ त्यांचीच.

"काहून वं, कोणाच्या पोटात दुखून राहिलं? माह्या घरी जवाई फुकट नाई राहात. किरायदार हायेत ते! पयल्या तारखेले किराया देतेत!"

किराया कसला नि काय! पण गल्लीची तोंडं बंद झाली आणि मधुकरराव पुन्हा पोटभर जेवू लागले. गंमत म्हणजे ज्या जावयासाठी बाई एवढ्या भांडल्या, त्याच्याशी त्या स्वतः एक शब्द बोलत नसत. रीतच होती तशी. तो हातभर अंतरावर बसलेला असायचा आणि बाई डोक्यावर पदर ओढून म्हणायच्या, "प्रेमिले, विचार वं जवाईबुवाले, वरण वाढू का?" जावईबुवाही बायकोकडे बघून सांगायचे, "थोडंसं म्हणा."

दोन वर्षांनी कमेटीचे शरच्चंद्र बाबू घरांची नोंद करायला आले. मागे निम्मी गल्ली. छपरीत मधुकरराव दाढी करत बसलेले.

"मागच्या खोलीत कोण राहतं?" बाबूंनी विचारलं.

बाईंनी गल्लीकडे पाहिलं, मग जावयाच्या साबण लावलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"किरायदार," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात कागद आला. विधवा बाई स्वतः राहते म्हणून घराला टॅक्सात सूट होती, ती रद्द. घर किरायानं दिलंय, तेव्हा टॅक्स दुपटीच्या वर. हरकत असेल तर हजर व्हा. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. मनगटं आता साथ देत नव्हती, रोट्यांची कामं सुटत चालली होती. जावयाच्या पगारात राशन भागायचं, तेवढंच. एवढा टॅक्स भरायचा कुठून? आणि खरं सांगावं, तर गल्लीतल्या लोकांनाही आपापल्या हरकतींसाठी त्याच दिवशी बोलावलेलं. सगळ्यांदेखत जावयाची मान पुन्हा खाली घालायची?

त्या दिवशी मधुकरराव अर्धी रजा टाकून कागदांची पिशवी घेऊन कमेटीच्या कचेरीत सोबत आले. मागच्या बाकावर सिंधूताईंसकट गल्ली कान टवकारून बसली होती.

"बाई, खरं सांगा. किराया घेता?" शरच्चंद्र बाबूंनी विचारलं.

बाईंनी पदर आणखी पुढे ओढला. "हो. किरायदारच हायेत. लिवा साहेब, भरीन मी टॅक्स."

"खोटं!" मधुकरराव ताडकन पुढे झाले. "एक पैसा किराया देत नाई मी. दोन वर्षं झाली, यांच्या घरी राहून राहिलो, यांच्या हातचं खाऊन राहिलो. मी घरजावई आहो साहेब. घरजावई! लिवा, मोठ्या अक्षरात लिवा!"

बाकावर कोणी हसलं नाही. बाबूंनी टाक कानामागे खोचला आणि डोकं खाजवलं.

"घरजावई असा रकानाच नाही हो आमच्याकडे. दोनच आहेत. एक भाडेकरू, नाहीतर कुटुंबातला."

"मंग कुटुंबातला लिवा न!" मागून सिंधूताई गरजल्या. "आमी साक्षी हाओत. पोरासारखं पोरगं हाये ते बाईचं!"

बाबूंनी 'कुटुंबातला' लिहिलं, सूट कायम झाली, सिंधूताईंनी ऐटीत सही ठोकली.

बाहेर पायऱ्यांवर प्रयागबाई थबकल्या. पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी वर ओढला नाही. खूप बोलायचं होतं, आणि निरोप सांगायला प्रेमिला सोबत नव्हती. त्यांनी सरळ जावयाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चाल गा मधुकर, घरी. आज रोटी टाकीन तुह्यासाठी."

मधुकररावांनी सवयीनं बायकोला शोधत इकडंतिकडं पाहिलं. मग पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, "चाला आई."